एकोणऐंशीवा साक्षीदार

दोन वर्षांपूर्वी माझी एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत एक डॉक्टर आहे. तालुक्याच्या गावी त्याचा दवाखाना आहे. तो रोग्यांना नको त्या तपासण्यांसाठी शहरात धाडतो आणि महिनाअखेर शहरातून आलेली पाकिटे कपाटात ठेवताना मिशीत हसतो. कादंबरी फारशी कोणी वाचली नाही. परंतु आमच्या पिंपळनेरात एका डॉक्टरांनी ती वाचली. हे डॉक्टर गेली वीस वर्षे आमच्या घरचे डॉक्टर आहेत. एके दिवशी दवाखान्यातील गर्दी ओसरल्यावर त्यांनी मला बसवून घेतले, चहा मागविला आणि म्हणाले, "सर, तुमचा डॉक्टर वाईट आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो मिशीत का हसतो? पाकीट घेणारा कोणी हसत नाही. घेणाऱ्याला पाकीट दिसतच नाही."

माझ्या लेखनावर एवढी नेमकी टीका आजवर कोणी केलेली नाही. चहा संपवून मी घरी आलो, आणि त्या रात्री कादंबरीतील ते प्रकरण काढून वाचले. डॉक्टरांचे म्हणणे खरे होते. मी माणूस लिहिला नव्हता. काळ्या शाईचा एक डाग पाडून त्याला मिशा काढल्या होत्या. मी चित्रकला शिकवितो. शिक्षण म्हणाल तर दहावीचे, आणि त्यावर चित्रकलेची पदविका. नुसत्या काळ्याने छाया दाखवू नये, सावलीतही रंग असतो, हे मी पाचवीच्या मुलांना दर वर्षी सांगतो. ते मला कादंबरीत साधले नव्हते.

मग मी वर्षभर डॉक्टरांविषयी आणि डॉक्टरांनी लिहिलेली पुस्तके वाचीत राहिलो. मराठीत ती थोडीथोडकी नाहीत. त्या वाचनाचा हिशेब येथे द्यावयाचा आहे.

प्रथम शब्दाविषयी. डॉक्टराने रोग्याच्या भल्यासाठी सल्ला द्यावयाचा, आणि त्याच सल्ल्यातून डॉक्टराला तिसरीकडून लाभ व्हावयाचा, या अवस्थेला इंग्रजीत एक ठरलेले नाव आहे. सरकारी मराठीत त्याचे भाषांतर 'हितसंबंधांचा संघर्ष' असे करतात. हे भाषांतर वाचले की दोन मल्ल आखाड्यात उतरल्यासारखे वाटते. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. संघर्ष झाला असता तर माणूस निदान रात्री जागा राहिला असता. येथे दोन हिते एकाच घरात, एकाच चुलीवर, सुखाने नांदत असतात, आणि भांडण होत नाही हेच त्यातले दुखणे आहे. लोकांनी मात्र आपला शब्द केव्हाच शोधला आहे: कट. इंग्रजीतला हा 'कट' म्हणजे कापून काढलेला हिस्सा. परंतु मराठीच्या कानाला त्यात कारस्थानाचा कटही ऐकू येतो. योगायोगाने भाषेने एवढा चोख न्याय क्वचितच केला असेल. पण तो पुरता खरा आहे का, हा माझा प्रश्न आहे. कारस्थानाला निदान एकत्र बसून बेत करावा लागतो. कटाला बसावे लागत नाही.

आमच्या गावी कांद्याची मोठी उलाढाल आहे. बाजारात अडत्या असतो, तो टक्का घेतो, आणि तो टक्का हिशोबपट्टीवर लिहिलेला असतो. अडत कोणी भरावी यावर शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे तंटा केला, आणि २०१६ साली ती शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. त्या सगळ्या तंट्यात एक गोष्ट कोणाच्या मनात संशयित नव्हती: अडत्या कोणाचा माणूस आहे, हे सर्वांना ठाऊक होते. डॉक्टराच्या टक्क्याचे तसे नाही. त्याची पट्टी नसते. रोग्याच्या हाती पडते ती चिठ्ठी. टक्का त्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूस, न उमटणाऱ्या शाईने लिहिलेला असतो.

मराठीत याविषयी लिहिलेल्या पुस्तकांत मला प्रथम आठवते ते डॉ. अरुण लिमये यांचे 'क्लोरोफॉर्म'. युक्रांदच्या चळवळीतला हा तरुण डॉक्टर. रुग्णालयाच्या आतल्या बाजूने लिहिलेले ते संतापाचे पुस्तक आहे, आणि संताप हीच त्याची शैली आहे. त्या काळी वाचकांना ते हादरा देऊन गेले, यात नवल नाही. डॉक्टर म्हणजे देव, ही आमच्या मध्यमवर्गाची श्रद्धा तोवर बरीचशी शाबूत होती. परंतु आज ते वाचताना असे वाटते की, देवाची मूर्ती फोडावयाची तर हातोडा लागतो, हे ठीक. पण हातोड्याने चित्र काढता येत नाही. 'क्लोरोफॉर्म'नंतरच्या आमच्या कथा-कादंबऱ्यांत, चित्रपटांत, नाटकांत डॉक्टर आला तो बहुधा दोनच रूपांत: एक तर आदिवासी पाड्यावर झोपडी बांधून राहणारा महात्मा, नाही तर मिशीत हसणारा. मीही त्याच साच्यात ओतकाम केले.

दुसरे पुस्तक डॉ. अरुण गद्रे यांचे: 'कैफियत: प्रामाणिक डॉक्टरांची'. गद्रे हे स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. लासलगावसारख्या कांद्याच्या गावी त्यांनी अनेक वर्षे दवाखाना चालविला, आणि ते मराठीत कादंबऱ्याही लिहितात. त्यांनी देशातील ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या. पुढे डॉ. अभय शुक्ला यांच्यासमवेत याच सामग्रीवर त्यांनी इंग्रजीत केलेले पुस्तक २०१६ साली प्रसिद्ध झाले. या ७८ जणांनी जे सांगितले ते वाचून माझी झोप उडाली, हे कबूल केले पाहिजे. रोगी पाठविल्याबद्दल मिळणारा हिस्सा. मोठ्या रुग्णालयांत डॉक्टरांना महिन्याला नेमून दिलेली उद्दिष्टे. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींची ये-जा. आणि प्रयोगशाळेत न तपासताच मोरीत ओतून दिलेले रक्ताचे नमुने, ज्यांचा अहवाल मात्र नीटनेटका छापून येतो. हे शेवटचे वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. कारस्थान म्हणावयाचे तर हे. येथे कोणतेही दुहेरी हित नाही, येथे सरळ चोरी आहे.

परंतु समीक्षक म्हणून या पुस्तकाविषयी माझी एक तक्रार आहे, आणि ती त्याच्या नावापासून सुरू होते. 'प्रामाणिक डॉक्टरांची' कैफियत. जे बोलले ते प्रामाणिक. मग जे बोलले नाहीत ते कोण? पुस्तकात ७८ साक्षीदार पिंजऱ्यात येऊन उभे राहतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्या कोणाविषयी सांगतो. आरोपी सतत बाहेरच असतो. कट घेणारा डॉक्टर या पुस्तकात हजार वेळा येतो, पण एकदाही स्वतःच्या तोंडाने बोलत नाही. हा दोष गद्रे यांचा म्हणता येणार नाही. ते अहवाल लिहीत होते, आणि अहवालाला जो दार उघडील त्याच्याकडेच जावे लागते. त्यांनी ही दारे ठोठावली नसती तर आपण आजही कुजबुजीवरच भागवीत असतो. पण एकोणऐंशीव्या साक्षीदाराकडे, म्हणजे घेणाऱ्याकडे, जाण्यासाठी त्याच्या परवानगीची गरज नसलेला एकच लेखक असतो, आणि तो म्हणजे कादंबरीकार. तेथे आम्ही पोहोचलो नाही. गद्रे कादंबरीकारही आहेत, म्हणून त्यांच्याविषयी ही अपेक्षा मनात येते.

हा एकोणऐंशीवा साक्षीदार काय सांगेल? त्याचा थोडा अंदाज मला आमच्या डॉक्टरांमुळे आला. त्यांची परवानगी घेऊन लिहितो. त्यांचे म्हणणे असे: "सर, माझी फी पन्नास रुपये. पश्चिमेकडच्या पाड्यांवरून माणसे येतात, त्यांतल्या निम्म्यांकडून तीही घेत नाही. जागेचे भाडे आहे, दोन माणसांचा पगार आहे, मुलीचे शिक्षण आहे. रात्री दोन वाजता मी उठून जातो, रोग्याला गाडीत घालून देतो, शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना फोन करतो, दोन दिवसांनी पुन्हा फोन करून चौकशी करतो. या कामाचे पैसे मला रोगी देत नाही; देणारही नाही, कारण त्याला ते काम दिसत नाही. शहरातला देतो. मग मी शंभर रुपये फी लावू का? लावतो. उद्यापासून पाड्यावरचा माणूस भगताकडे जाईल."

हा युक्तिवाद मला पुस्तकांत इतक्या स्वच्छपणे कोठेही सापडला नाही, आणि तो खोटा नाही. खेड्यातली स्वस्त फी आणि शहरातली महाग तपासणी ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. पहिली आम्हांला दिसते, म्हणून आम्ही डॉक्टराला देवमाणूस म्हणतो. दुसरी दिसत नाही. म्हणजे गरिबाची पन्नास रुपयांची सवलत, तपासणीला जाणारा दुसरा गरीब भरीत असतो. बहुतेकदा तोच गरीब, फक्त दुसऱ्या आठवड्यात.

मी डॉक्टरांना विचारले, "पण मग कोणाला धाडायचे आणि कोणाला नाही, हे ठरवताना ते पाकीट मनात येते की नाही?" ते म्हणाले, "नाही." थोडा वेळ थांबून म्हणाले, "तेच तर सांगतोय. येतच नाही."

आता थोडे विषयांतर होईल, पण माझ्या आईची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मागच्या पावसाळ्यात एका रात्री तिला बोलता येईनासे झाले, आणि उजवा हात पडला. डॉक्टर पावसात स्कूटरवर आले. त्यांनी पाहिले आणि ताबडतोब मेंदूची तपासणी सांगितली, चिठ्ठी दिली. चिठ्ठी छापील होती; एका शहरातील तपासणी केंद्राचे ते चिठ्ठीपुस्तक, खाली कोपऱ्यात डॉक्टरांच्या नावासाठी चौकट. आम्ही रात्रीच निघालो. तपासणीत गाठ निघाली, वेळेवर उपचार झाले, आई आज अंगणात तांदूळ निवडीत बसलेली असते. त्या केंद्रात कामास असलेल्या आमच्या एका नातेवाइकाने पुढे बोलता बोलता सांगितले की, आम्ही भरलेल्या पैशांपैकी हजार रुपये चौकटीतल्या नावाकडे गेले.

तपासणी आवश्यक होती. सल्ला बरोबर होता. डॉक्टर पावसात आले नसते तर आई गेली असती. आणि हजार रुपये गेलेच. या चार वाक्यांपैकी कोणतेही एक वगळले की गोष्ट सोपी होते. आमचे साहित्य आजवर ते एक वाक्य वगळीत आले आहे. मी आईला हे सांगितले तेव्हा तिने अहिराणीत एवढेच म्हटले, "त्यानी मना जीव वाचाडा, बापू. त्याले दोन पैसा भेटनात ते भेटू दे." माझ्यापाशी उत्तर नव्हते. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मात्र घडली आहे. डॉक्टर कोणालाही तपासणी सांगतात तेव्हा, अगदी माझ्या पोराला सांगतात तेव्हासुद्धा, माझी नजर प्रथम चिठ्ठीच्या खालच्या कोपऱ्याकडे जाते. ते उद्या पुन्हा बरोबरच असतील. मी मात्र एक क्षण थांबेन. रात्री दोन वाजता तो क्षण कोणाला महागात पडेल, सांगता येत नाही.

या प्रश्नावर ज्याने खरे नाटक लिहिले तो लेखक मराठी नाही. बर्नार्ड शॉचे 'द डॉक्टर्स डायलेमा' १९०६ साली रंगभूमीवर आले. पुढे पुस्तक छापताना त्याने त्याला भली मोठी प्रस्तावना जोडली. माझे इंग्रजी बेताचे. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते वाचले. प्रस्तावनेतला मुद्दा प्रसिद्ध आहे: पाय कापल्याबद्दल ज्याला पैसे मिळतात त्यालाच पाय कापावा की नाही हे विचारणे, ही व्यवस्थाच वेडगळ आहे. शॉची ही बाजू जगभर सांगितली जाते. पण मला वाटते, प्रस्तावनेपेक्षा नाटक फार मोठे आहे, आणि शॉच्या चाहत्यांनी ते उलट समजून घेतले आहे. नाटकात पैशाचा प्रश्नच नाही. क्षयावर नवी लस शोधणाऱ्या सर रिजनपाशी आणखी एकाच रोग्यापुरती जागा उरलेली आहे. समोर दोघे आहेत: एक सज्जन, गरीब डॉक्टर, दुसरा प्रतिभावान पण अव्वल लबाड चित्रकार. आणि चित्रकाराच्या पत्नीवर रिजनचे मन जडलेले आहे. तो सज्जनाला वाचवितो, चित्रकाराला एका बढाईखोर सहकाऱ्याच्या हाती सोपवितो, आणि चित्रकार मरतो. निर्णय बरोबर होता का? कदाचित होता. शुद्ध होता का? नव्हता. शेवटच्या अंकात त्या चित्रांच्या प्रदर्शनात ती विधवा त्याला भेटते, आणि तिने दुसरे लग्न केले आहे हे त्याला कळते. चित्रकला शिक्षकाला ते दृश्य अंमळ जास्तच झोंबते, पण ते असो.

रिजन मिशीत हसत नाही. आपण योग्यतेप्रमाणे निवड केली असे तो मानतो, आणि त्याची कारणे खरीच असतात. शॉने एकोणऐंशीव्या साक्षीदाराला बोलते केले ते असे: पैसा बाजूला ठेवून. पैसा असला की वाचक लगेच न्यायाधीश होतो. प्रेम असले की तो क्षणभर स्वतःच्या आत पाहतो.

पैशाव्यतिरिक्तची हिते म्हटली की संशोधनाचा विषय निघतो, आणि तेथे मात्र आपल्या महाराष्ट्रात एक असा दाखला आहे की तो शॉला मिळाला असता तर त्याने पुढचे नाटक लिहिले असते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. 'बॅरिस्टरचं कार्टं' हे त्यांचे आत्मचरित्र पुष्कळांनी वाचले असेल. जालना जिल्ह्यातल्या देहेड या खेड्यातला मुलगा. १९७६ च्या सुमारास महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रावर रुजू झाला. त्या भागात लाल विंचवाच्या दंशाने माणसे पटापट मरत. हा तरुण डॉक्टर रोग्यांच्या खाटेशी बसून नोंदी करी. १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांच्या निरीक्षणांचा निबंध आला, आणि पुढे रक्तदाबावरची प्राझोसीन ही साधी गोळी विंचूदंशात जीव वाचविते हे त्यांनी दाखविले. आत्मचरित्र म्हणून पुस्तक सरळ आहे, कोठे कोठे ओबडधोबड आहे. वाक्याला इस्त्री केलेली नाही. मला ते आवडले याचे कारण वेगळे आहे: आपण थोर आहोत असे वाचकास वाटावे म्हणून लेखक मुद्दाम काही करीत नाही, आणि आपण थोर नाही असे वाटावे म्हणूनही नाही.

पण मला सांगावयाची गोष्ट २०११ सालची आहे. मुंबईच्या हाफकिनमध्ये विंचवाच्या विषावर लस तयार झाली होती. म्हणजे ज्या गोळीवर बावस्करांचे नाव जगात गेले, तिच्यापुढे एक प्रतिस्पर्धी उभा राहिला होता. त्याची परीक्षा बावस्कर पती-पत्नींनी स्वतः घेतली. ७० रोगी; ३५ जणांना नुसती गोळी, ३५ जणांना गोळी आणि लस. कोणाला काय द्यावयाचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवलेले नव्हते, ते आधीच चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरत होते. कोणाला काय दिले हे मात्र त्यांच्यापासून लपलेले नव्हते. एवढी उणीव होती, आणि तीही निबंधाच्या शीर्षकातच नोंदविलेली आहे. दहा तासांनी पाहिले तो लस मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण पूर्ण बरे झालेले, आणि नुसत्या गोळीवरच्या ३५ पैकी ८. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे आकडे त्यांनी आपल्या नावाने छापले.

येथे एक पैही नाही, आणि तरीही दुहेरी हिताची याहून अवघड परीक्षा मला ठाऊक नाही. आपल्या वीस-पंचवीस वर्षांच्या कामाच्या पुढे दुसरे काही गेले, हे आपल्याच हाताने मोजून लिहावयाचे. आणि हे करताना बावस्करांनी आपल्या मनाच्या शुद्धतेवर भिस्त ठेवली नाही, हे मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. निवड मनाच्या हातून काढून घेतली. माझ्या कादंबरीत मी सज्जन डॉक्टरांचे एक पात्र घालून त्याला आत्मपरीक्षण करावयास लावले होते, दोन पाने. आता ती दोन पाने मला हास्यास्पद वाटतात.

यानंतर दोन वर्षांनी, २०१३ साली, बावस्करांच्या नावाची बातमी वर्तमानपत्रांत आली ती वेगळ्याच कारणाने. तपासणीस पाठविलेल्या एका रोग्याबद्दल एका तपासणी केंद्राने त्यांना १,२०० रुपयांचा धनादेश पाठविला. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. पुष्कळांनी त्यांना शाबासकी दिली. मला मात्र त्या बातमीत धनादेश हा शब्दच अधिक बोलका वाटला. पाकीट नव्हे, रोकड नव्हे. बँकेचा, सही-शिक्क्याचा धनादेश. पाठविणाऱ्याला यात लपविण्याजोगे काही वाटलेले नव्हते. माझ्या मिशीत हसणाऱ्या पात्रावर याहून कडक अभिप्राय कोणता?

नियम नाहीत असे नव्हे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत रोगी पाठविल्याबद्दल हिस्सा देणे-घेणे निषिद्ध आहे. डिसेंबर २००९ मध्ये औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार घेण्यावर बंदी घातली गेली. २०१६ साली त्या कलमातून डॉक्टरांच्या संघटनांचा उल्लेख तेवढा हलकेच काढून टाकण्यात आला, म्हणजे एकट्याने जेवू नये, पंक्तीने जेवावे. डॉक्टरांचे पुढचे शिक्षण ज्या परिषदांतून होते त्यांच्या मंडपाचे खांब कोण रोवतो, हे ज्याने अशी परिषद पाहिली आहे त्याला सांगावयास नको. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने कटाविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदा करविला. त्याचा कायदा झाला नाही. त्याच वर्षी मुंबईत एका हृदयरुग्णालयाने आपण कमिशन देत नाही असा भला मोठा फलक लावला, तर डॉक्टरांच्या संघटनेने त्यास हरकत घेतली. २०२२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च कंपन्यांना आयकरात वजा दाखविता येणार नाही. कित्येक वर्षे तो खर्च वजा दाखविला जात होता, ही माहिती मला निकालापेक्षा अधिक रंजक वाटली.

नियमांची ही यादी मी मुद्दाम घाईने आटोपली. ती वाचताना मनाला एक समाधान वाटते, आणि ते समाधान मला संशयास्पद वाटते. नियम नेहमी दुसऱ्यासाठी असतो. एकोणऐंशीव्या साक्षीदाराने नियम वाचलेला असतो, तो त्याला पटलेलाही असतो.

हे मी इतक्या खात्रीने लिहितो याचे कारण आता सांगितले पाहिजे. गेल्या वर्षभर ही पुस्तके वाचताना ते मी स्वतःपासून लपवीत होतो.

आमच्या शाळेत मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. त्यांना रंगपेटी, ब्रश, कागद लागतात. कोणत्या दुकानातून, कोणत्या कंपनीचे रंग आणावेत हे मी सांगतो. गेली चौदा वर्षे मी एकाच दुकानाचे नाव सांगत आलो आहे. त्या दुकानदारांकडून दर दिवाळीला मला एक पाकीट येते, मिठाईच्या पुड्यासमवेत. त्यात दोन हजार असत, पुढे तीन झाले. मी कधी मागितले नाही. मुलांना त्या दुकानात धाडताना ते पाकीट माझ्या मनात कधीही आले नाही. ते रंग मला खरोखरच चांगले वाटत. दुसऱ्या कंपनीचा पिवळा कागदावर मातकट दिसतो, असे मी मुलांना सांगत असे. आणि मला तो तसा दिसे.

बावस्करांचा तो निबंध वाचून झाल्यावर एका रविवारी मी घरी एक खेळ केला. दोन्ही कंपन्यांचे पिवळे, निळे, लाल असे रंग माझ्या मुलीला कागदाच्या चौकटींत लावावयास सांगितले, आणि कोणता कुठला हे तिने मागे लिहून ठेवले. मी चौदा वर्षांचा चित्रकला शिक्षक. बारा चौकटींपैकी सात मी बरोबर ओळखल्या. नाणे फेकून सहा आल्या असत्या. मातकट पिवळा म्हणून मी ज्यावर बोट ठेवले तो माझ्याच दुकानातला होता. मुलगी हसली. मी त्या चौकटी फाडल्या नाहीत. त्या टेबलाच्या खणात आहेत.

आता ते कादंबरीतले प्रकरण मी पुन्हा लिहावयास घेतले आहे. मिशा काढल्या आहेत. डॉक्टर रात्री पावसात स्कूटरवर निघतो एवढे लिहून झाले, पुढे हात चालत नाही. कपाट उघडून तो पाकीट ठेवतो त्या क्षणी तो कशाचा विचार करीत असेल, हे मला अजून लिहिता येत नाही. बहुधा उद्या सकाळी कोणाला फोन करावयाचा आहे याचा करीत असेल.

मागच्या दिवाळीत मी पाकीट घेऊन दुकानावर गेलो आणि ते परत केले. म्हटले, एवढे पैसे मुलांच्या रंगपेटीतून कमी करा. दुकानदार वयाने मोठे, भले गृहस्थ. त्यांना राग आला नाही, ते गोंधळले. पाकीट हातात तसेच धरून त्यांनी विचारले, "सर, रंग चांगले नाहीत का?"

मी म्हणालो, "चांगले आहेत."

"मग?"

दुकानात दिवाळीची गर्दी होती. मागे एक बाई मुलाला घेऊन उभी होती. तो आमच्याच शाळेतला, सातवीतला. त्याच्या हातात मी सांगितलेली रंगपेटी होती, आणि तो माझ्याकडे पाहत होता.